उशिरा वळणारी गाडी

मित्रांनो, संगणकाच्या डब्यात डोकावलंत तर दोन पंख्यांचं, धुळीने राखाडी झालेलं, विटेएवढं एक यंत्र दिसेल. तो मी. जुनं ग्राफिक्स कार्ड म्हणतात मला. पडद्यावर जे चित्र हलतं ते मी काढतो. एका सेकंदात साठ चित्रं काढून ती अशी भराभर बदलतो की तुम्हाला गाडी धावताना दिसते. हे सांगताना मला थोडी ऐट चढते, ती चढू द्या. कौतुक करणारी माणसं मला फार दिवस लाभली नाहीत.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. मला आठवतं ते मालाड. तिथे चंद्रप्रकाश नावाच्या गृहस्थांचा लग्नाचे व्हिडिओ बनवायचा स्टुडिओ होता. नवरीच्या चेहऱ्यावर जरा उजेड वाढव, हळदीच्या नाचाला गाणं जोड, मामांचं पोट चौकटीबाहेर जाईल असं बघ, अशी कामं दिवसभर चालायची. सगळे तुकडे जोडून फिल्म तयार व्हायची तेव्हा मी इतका तापायचो की माझ्या पंख्यांची घरघर बाहेरच्या खोलीत ऐकू जायची. चंद्रप्रकाशशेठ येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे, की आमच्याकडे एक नंबर कार्ड आहे, उगाच नाही आम्ही वेळेवर काम देत. मला ते ऐकून फार बरं वाटायचं.

मग माझ्याहून मोठं, माझ्याहून चपळ कार्ड आलं. माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली. शेजारी मोडके माऊस, गुंता झालेल्या वायरी आणि जुन्या लग्नपत्रिका. मी बिघडलो नव्हतो हो. दुसरा आला म्हणून मी नकोसा झालो, एवढंच. कधीतरी कुणी ड्रॉवर उघडायचं, मला बाजूला सारून सेलोटेप घ्यायचं आणि ड्रॉवर बंद. राग येणार नाही तर काय होईल?

त्या स्टुडिओत श्रुतिका नावाची मुलगी एडिटिंग करायची. तिला घाटकोपरला दुसरी नोकरी लागली. शेवटच्या दिवशी स्वतःचं टेबल आवरताना तिने मला पाहिलं आणि शेठना विचारलं, हे मी घरी नेऊ का? शेठ म्हणाले, घेऊन जा, इथे पडून तरी काय करणार. तिने मला आपल्या ओढणीत गुंडाळलं आणि चारकोपला नेलं.

चारकोपच्या बैठ्या घरांत त्यांचं घर. श्रुतिका, तिची आई जानकीकाकू आणि बाबा दशरथकाका. मूळची माणसं कोकणातली. नवरा-बायको एकमेकांशी मालवणीत बोलायचे आणि लेकीशी मुंबईच्या मराठीत. दशरथकाकांनी उभा जन्म लोकांच्या गाड्या चालवल्या आणि उतारवयात स्वतःची एक व्हॅन घेतली. ती घेतली जानकीकाकूंच्या कामासाठी. काकू जेवणाच्या ऑर्डरी घ्यायच्या. कोंबडी-वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सोलकढी. बारसं, साखरपुडा, पूजा, जे असेल तिथे हे एवढाले टोप व्हॅनमधून जायचे. दर शनिवारी मनोरीच्या एका कॉटेजची ऑर्डर असायची. तेव्हा व्हॅन मार्व्याच्या जेट्टीपर्यंत आणि पुढे टोप बोटीतून.

सगळं झकास चाललं होतं. मग दशरथकाकांना काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की समोरचं दिसत राहील, पण बाजूचं दिसणं गेलं आहे आणि ते परत येणार नाही. रोज डोळ्यांत थेंब घाला आणि गाडीला हात लावू नका. काकांनी यातलं पहिलं अर्धं तेवढं ऐकलं. कुणी विचारलं की म्हणायचे, "माका समोरचा सगळा दिसता." गाडी चालवायची नाही हे तात्पुरतं आहे, थेंबांनी डोळे सुधारले की मी पुन्हा बसणार, असं ते सगळ्या आळीला सांगत फिरायचे.

जानकीकाकूंना खरं काय ते माहीत होतं. काका आळीत चालता चालता कडेला लावलेल्या हातगाडीवर जाऊन आदळलेले त्यांनी पाहिले होते. चहाचा कप घेऊन त्या काकांच्या डाव्या हाताला उभ्या राहिल्या, तर त्यांनी हाक मारेपर्यंत काकांना पत्ता नसायचा. पगारी ड्रायव्हर ठेवून पाहिले, तेही टिकले नाहीत. श्रुतिका सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. तेव्हा एक दिवस काकू म्हणाल्या, गाडी मी शिकते.

काका हसले. मग म्हणाले, शीक बापडी. पण तुळशीचं लग्न झालं की लग्नांच्या ऑर्डरी सुरू होतात. तोवर तुला लायसन मिळालं तर ठीक, नाहीतर मीच बसतो गाडीवर. त्यांनी ते अगदी सहज सांगितलं. मित्रांनो, हे नीट ध्यानात ठेवा. जानकीकाकूंना गाडीची हौस नव्हती. त्यांना नवऱ्याला त्या स्टिअरिंगपासून लांब ठेवायचं होतं, कुणी गाडीखाली यायच्या आत.

काकूंनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, शिकाऊ लायसन काढलं, गिअर कसा टाकायचा ते शिकून आल्या. पण सराव करायचा तो घरच्या व्हॅनवर, आणि शेजारी बसणार दशरथकाका. काका माणूस मनाने चांगला, पण गाडीत बसला की तोंडाला लगाम नाही. "अगो, खंय बघतस? ब्रेक! ब्रेक!" असं ओरडायचे, की काकूंचा क्लचवरचा पाय सुटायचा आणि व्हॅन भर रस्त्यात गचका खाऊन बंद पडायची. मागून हॉर्न सुरू. घरी आल्या की काकू बराच वेळ कुणाशी बोलायच्या नाहीत.

तेव्हा श्रुतिकाला माझी आठवण झाली. संगणकावर गाडी चालवायचा खेळ असतो. त्यात रस्ते, सिग्नल, माणसं, रिक्षासारखी आडवी घुसणारी वाहनं, सगळं असतं. तिच्या ऑफिसमधल्या एकाकडे स्टिअरिंग आणि तीन पेडलांचा संच पडून होता, तो तिने मागून आणला. घरातल्या संगणकाच्या डब्यात मला बसवलं. आता गाडी बंद पडली तरी मागून हॉर्न मारणारं कुणी नव्हतं.

पण एवढ्याने भागत नाही. संगणक होता जुना. नवीन विंडोज त्याच्यावर चढेना. म्हणून श्रुतिकाने लिनक्स टाकलं. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी दुसरी एक प्रणाली. ती फुकट मिळते आणि जुन्या यंत्राला नाक मुरडत नाही. काकांनी लगेच शेरा मारला, की फुकटचं ते किती दिवस चालणार. मला तो शेरा मुळीच आवडला नाही, पण सुरुवातीला तो खरा ठरेल असं वाटलं. खेळ सुरू झाला तो इतका अडखळत, की गाडी धावते आहे की उड्या मारते आहे तेच कळेना.

त्याला कारणं होती आणि त्यातलं एकही माझं नव्हतं. मला कामाला लावायला संगणकात माझ्यापुरती एक आज्ञावली लागते. तिला ड्रायव्हर म्हणतात. या घरात खरा ड्रायव्हर आधीच होता, म्हणून मी तिला आज्ञावलीच म्हणेन. लिनक्सने आपणहून घातलेली आज्ञावली चित्र दाखवण्यापुरती होती. माझा खरा जोर वापरायचा तर माझ्या कंपनीची वेगळी घालावी लागते. ती श्रुतिकाने घातली. खेळ मुळात विंडोजसाठी बनलेला, त्याला लिनक्सची भाषा कळत नाही, म्हणून मध्ये एक दुभाषा लागतो. तोही तिने बसवला. तरी गाडी उड्याच मारत होती. मी आतून पाहत होतो. चूक इतकी साधी होती की मला हसू येत होतं. पडद्याची वायर माझ्यात लावलेलीच नव्हती! संगणकाच्या पाठीला तसंच दुसरं एक भोक असतं, तिथे ती खोचलेली. त्यामुळे चित्र काढत होती संगणकातली इवलीशी चिप आणि मी आपला पंखे फिरवत बसलो होतो. मांडव घालायला बोलावलेल्या माणसाला कोपऱ्यात खुर्ची देऊन बसवावं तसं.

श्रुतिकाने खाली वाकून पाहिलं, कपाळावर हात मारला आणि वायर काढून माझ्यात लावली. मग बघा! पहिल्यांदा खेळ थोडा अडखळला, कारण नवा रस्ता, नवी झाडं मला एकदा समजून घ्यावी लागतात. त्यानंतर अशी लोण्यासारखी गाडी धावली की जानकीकाकूंच्या तोंडून "अगो बाय" असं निघून गेलं. या घरात माझ्यासाठी आलेला तो पहिला शब्द. मी तो जपून ठेवला आहे.

भाद्रपदातले आणि आश्विनातले ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. दुपारची भांडी झाली की काकू पदर खोचून माझ्यासमोर बसायच्या. शेजारी स्टुलावर काका. काका त्या खेळाला पोरखेळ म्हणायचे, स्टिअरिंगला स्वतः कधी बोट लावायचे नाहीत, पण सूचना द्यायला हजर. सिग्नलला न्यूट्रल कर. वळताना आरसा बघ. तिथे आदळून कुणाचं नुकसान होत नव्हतं, म्हणून काकांचा आवाजही जरा खाली असायचा. काकू शिकत गेल्या. रिव्हर्स जमला, चढावर गाडी धरून ठेवणं जमलं, अरुंद गल्लीत वळणं जमलं. रविवारी सकाळी व्हॅन घेऊन दोघं मार्वे रोडला जायचे, तर तीही आता गचके खात नव्हती. लायसनच्या परीक्षेची तारीख मिळाली. ती दसऱ्यानंतर आणि दिवाळीच्या आत होती.

आणि मग दसरा आला.

आपल्याकडे दसऱ्याला काम करणाऱ्या वस्तूंची पूजा करतात. ही रीत मला मनापासून आवडते. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस कुणी हात जोडले तर कुणाला नको असेल? काकूंनी व्हॅनला हार घातला. झारे, कढया, सुऱ्या मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं. मग त्या माझ्यापुढे आल्या. संगणकाच्या डब्याचं एका बाजूचं झाकण उन्हाळ्यापासून काढून कपाटामागे ठेवलेलं होतं. उकाडा होतो म्हणून मुंबईत पुष्कळ घरांत ते तसंच असतं. काकूंनी त्या उघड्या बाजूवर झेंडूचा हार अडकवला, आपट्याचं पान ठेवलं, अक्षता टाकल्या आणि अगदी मनातल्या मनात म्हणाल्या, "माका पास होवंदे." ओठ हलले ते मी पाहिले.

संध्याकाळी चांगला दिवस म्हणून त्या सरावाला बसल्या. माझे पंखे फिरू लागले, हवा आत ओढू लागले आणि तिच्याबरोबर हाराच्या दोऱ्याचं सुटं टोकही आत आलं. ते एका पंख्याच्या मधोमध गुंडाळलं गेलं. पंखा थांबला. सुट्या पाकळ्या उडून दुसऱ्या पंख्याच्या मागे, माझ्या पत्र्याच्या पट्ट्यांत जाऊन बसल्या. वाट लागली! मी तापत गेलो. फार तापलो की मी जळून जाऊ नये म्हणून आपोआप हळू काम करतो, तशी माझी घडणच आहे. चित्रं कमी पडू लागली. काकू स्टिअरिंग वळवायच्या आणि पडद्यावरची गाडी जरा उशिराने वळायची.

श्रुतिका घरीच होती. तिने ते पाहिलं आणि तिच्या मनात चटकन एक गोष्ट आली. त्याच दिवशी सकाळी तिने लिनक्सचं अपडेट घातलं होतं. झालं, सगळं खापर लिनक्सच्या डोक्यावर. तिने संगणक बंद केला, जेवणं झाली, मग अपडेट मागे घेतलं, जुनी आज्ञावली परत घातली आणि खेळ सुरू करून एका रस्त्यावर चक्कर मारली. तोवर मी गार झालो होतो, त्यामुळे गाडी छान धावली. श्रुतिका म्हणाली, आई, झालं बघ नीट. काका म्हणाले, फुकटचं ते फुकटचंच. आणि डबा उघडा असून आत मात्र कुणीच पाहिलं नाही, कारण समोर हार होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू बसल्या. सुरुवातीला ठीक होतं. मग मी तापलो आणि गाडी पुन्हा उशिरा वळू लागली. मी काय सांगणार? मला तोंड नाही. पण काकूंना होतं. त्यांनी काय केलं असेल? काही नाही. त्यांनी स्टिअरिंग जरा आधी वळवायला सुरुवात केली.

मित्रांनो, ही काकूंची आयुष्यभराची सवय. ओटा उंच होता तर त्या टाचा उंचावून भाकऱ्या थापायच्या. कुकरचं हँडल ढिलं होतं तर फडकं गुंडाळून उचलायच्या. चालवून घ्यायचं, बोलायचं नाही. मुलीने इतकी खटपट केली, रोज थकून येते, तिला पुन्हा कशाला त्रास? संध्याकाळी श्रुतिका विचारायची, नीट चाललं ना गं? काकू म्हणायच्या, हो, बरं चाललं. काका शेजारी बसलेले असायचे, पण त्यांचं सगळं लक्ष सिग्नलकडे. सुकलेला हार काकूंनी ओढून काढला तेव्हा दोऱ्याचा तुकडा माझ्याजवळच राहिला. आणि रोजच्या सरावाने ती आधी वळवायची सवय काकूंच्या हातात पक्की होत गेली.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी सकाळी त्या काकांबरोबर व्हॅन घेऊन गेल्या. परत आल्या तेव्हा मला आधी ऐकू आला तो पत्रा घासल्याचा आवाज. आळीच्या तोंडाशी सिमेंटचा खांब आहे. काकूंनी वळण घ्यायच्या जरा आधीच व्हॅन वळवली आणि तिची डावी बाजू पुढपासून मागपर्यंत खांबाला घासत गेली. लोक बाहेर आले. काकांनी सगळ्यांसमोर आवाज चढवला, की एवढे दिवस शिकवतोय, साधं वळण येत नाही हिला. घरात येऊन त्यांनी व्हॅनची किल्ली आपल्या सदऱ्याच्या खिशात टाकली आणि म्हणाले, परीक्षा-बिरीक्षा राहू दे. तुळशीचं लग्न होऊ दे, मी बसतो.

जानकीकाकू माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसल्या. रडल्या नाहीत. पदराच्या टोकाला पीळ देत बसल्या. ते पाहून मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू. माझ्यामुळे त्यांच्या हाताला खोड लागली आणि ती मला सांगता येत नव्हती.

श्रुतिका आली. तिने आईला काही समजावलं नाही. म्हणाली, तू चालव, मी फक्त बघते. काकूंना नको होतं, पण बसल्या. थोड्या वेळाने मी तापलो, चित्र जड झालं. श्रुतिका पडद्याकडे पाहत नव्हती, ती आईच्या हातांकडे पाहत होती. हात आधी फिरत होते, वळण नंतर येत होतं. तिने विचारलं, "आई, तू आधीच का वळवतेस?"

"उशिरा वळतं ना ते. म्हणून."

"कधीपासून?"

काकूंनी जरा विचार केला. "दसऱ्यापासून."

"मग मला सांगितलं का नाहीस? मी रोज विचारत होते ना?"

"तू एवढी दमून येतेस. म्हटलं, चालतंय तसं चालवून घेऊ."

 श्रुतिकाला आईचा राग आला आणि स्वतःचाही. दसऱ्याच्या रात्री तिने मारलेली चक्कर चार मिनिटांची, संगणक नुकताच सुरू केलेला, मी गार. आईचा सराव तासाभराचा. तिने मोबाइलचा टॉर्च लावला आणि उघड्या बाजूने, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मला नीट पाहिलं. एक पंखा थांबलेला. त्याच्या मुळाशी काळपट पिवळा दोरा. मागे सुकलेल्या पाकळ्यांचा चुरा आणि दोन-चार तांदळाचे दाणे. संगणक बंद करून तिने मला बाहेर काढलं. भुवया कोरायच्या चिमट्याने दोऱ्याचा एकेक वेढा सोडवला. जुन्या टूथब्रशने पाकळ्या झाडल्या. काकू हातात ताटली घेऊन शेजारी उभ्या होत्या. त्या ताटलीत झेंडू पडताना पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पूजा केली होती ती पास होण्यासाठी.

श्रुतिकाने मला पुन्हा बसवलं. या वेळी ती घाई न करता तासभर खेळ चालू ठेवून माझं तापमान पाहत बसली. कपाटामागचं झाकण काढून पुसून लावलं. काकूंना म्हणाली, पुढच्या दसऱ्याला पूजा जरूर कर, पण हार बाहेरून आणि संगणक बंद असताना.

गाडी पुन्हा लोण्यासारखी धावू लागली. पण काकूंच्या हातातली खोड कशी जाणार? त्या अजून आधीच वळवत होत्या आणि आता पडद्यावरची गाडी थेट फुटपाथवर चढत होती. एकदा, दोनदा, पुन्हा. काका दारातून पाहत होते. त्यांना राहवलं नाही. "अगो, आंधळी आसस काय?" असं ते ओरडले.

जानकीकाकूंनी खेळ थांबवला. खुर्ची मागे सारली. इतकी वर्षं न बोललेली बाई, पण आवाज जराही चढला नाही. म्हणाल्या, "तुमी आराडलास की माझो हात चुकता. गाडी उशिरा वळा होती तां मी कोणाक सांगूक नाय, ती माझी चूक. ह्यां मात्र सांगतंय. आराडूचा आसात तर भायर जावन बसा."

 माझे पंखे तेवढे फिरत होते. काका वळले आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. काकूंनी खुर्ची पुढे घेतली आणि वळण यायची वाट बघत, ते आल्यावर स्टिअरिंग वळवलं. पहिल्यांदा चुकलं. मग जमलं. मग जमतच गेलं. त्या पूर्ण आठवड्यात काकांनी तोंड उघडलं नाही, आणि परीक्षेच्या दिवशी सकाळी किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून निघून ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी आली. ती त्यांनी स्वतः ठेवली होती.

परीक्षेला मी नव्हतो, पण आल्यावर घरात जे बोलणं झालं ते मी ऐकलं. मैदानावर काकूंनी आठचा आकडा काढला, रिव्हर्स घेतला, कडेला रोवलेला एकही बांबू पडला नाही. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, कुठे शिकलात? काकू म्हणाल्या, घरीच. श्रुतिका हसत सुटली. कुणी माझं नाव घेतलं नाही. पण श्रुतिकाने जाता जाता संगणकाच्या डब्यावर दोनदा थाप मारली, ती मला पोचली.

आता शनिवारी जानकीकाकू व्हॅन घेऊन मार्व्याच्या जेट्टीवर जातात. मनोरीची ऑर्डर चालू आहे, लग्नांच्या ऑर्डरी सुरू झाल्या आहेत. काकू हल्ली बोलतात. ओटा कमी उंचीचा करून घेतला. कुकरचं हँडल बदललं. व्हॅनची सीट पुढे घेऊन दिली नाही म्हणून गॅरेजवाल्याला परत पाठवलं. माझ्यासमोर बसायला त्यांना आता वेळ नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. खोटं कशाला बोलू, थोडं वाटतं.

अशाच एका शनिवारची गोष्ट सांगतो आणि थांबतो. काकू जेट्टीवर गेल्या होत्या, श्रुतिका बाजारात. घरात दशरथकाका एकटे. ते माझ्यासमोर आले, इकडेतिकडे पाहिलं आणि संगणक सुरू केला. ज्याला पोरखेळ म्हणायचे त्याच्या स्टिअरिंगवर त्यांनी दोन्ही हात ठेवले. मित्रांनो, काय हात होते ते! क्लच, गिअर, वेग, सगळं असं जुळून आलं की अशी गाडी माझ्यावर कुणी चालवली नव्हती. मी जीव ओतून चित्रं काढू लागलो. पहिल्या चौकात डावीकडून स्कूटरवाला आला. मी त्याला अगदी स्पष्ट काढला होता. काकांनी ब्रेकला पाय लावला नाही. धडक बसली. त्यांना वाटलं यंत्राने दगा दिला. पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या चौकात उजवीकडून शाळेतून सुटलेली दोन मुलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी मान वळवून, हळूहळू पडद्याच्या कडेपर्यंत पाहिलं. तेव्हा त्यांना ती मुलं दिसली. ती सुरुवातीपासून तिथेच होती.

काकांनी स्टिअरिंग सोडलं. काकू परत येईपर्यंत ते तसेच बसून होते. व्हॅन दारात लागली, काकू रिकामे टोप घेऊन आत आल्या. काका वळून न पाहता म्हणाले, "जानके, बाजूसून इलेलो माका दिसणा नाय गे."

काकूंनी टोप खाली ठेवले. "ठावक आसा माका," त्या म्हणाल्या. "म्हणान तर शिकलंय." आणि त्यांना दिसेल अशा जागी, पुढ्यात येऊन बसल्या.

तर मित्रांनो, एवढंच मागणं. माझ्यासारखं यंत्र घरात असेल तर अधूनमधून झाकण उघडून, दिवा लावून आत बघा, पंखे पुसा, वायर योग्य जागी आहे का पाहा. बिघाड झाला की लगेच नव्या गोष्टीवर खापर फोडू नका, पुरेसा वेळ चालवून बघा. मला बोलता येत नाही, तेव्हा माझी विचारपूस तुम्हालाच करावी लागेल. पण घरात बोलता येणारी माणसंही असतात, जी सगळं मुकाट चालवून घेतात. आज संध्याकाळी त्यांना विचारा, काही अडतंय का. ती म्हणतील, बरं चाललंय. तेव्हा उठून जाऊ नका, जरा वेळ त्यांच्या हातांकडे बघत बसा.